आरोळी आणि प्रार्थना : ‘सिस्टिम ऑफ अ डाउन’ कुठून ऐकावे?

एखाद्या लेखकाचे नुसते नाव ऐकलेला वाचक विचारतो, ‘यांचे पहिल्यांदा काय वाचू?’ तेव्हा उत्तर देताना आपण थोडे अडखळतो. नेमाडे वाचायचे तर ‘कोसला’पासून की ‘हिंदू’पासून, यावर गप्पांची एक संध्याकाळ सहज जाते. कारण पहिले पुस्तक लेखकाची जी प्रतिमा मनात उभी करते, ती पुढे बरेच काही वाचूनही लवकर पुसत नाही. संगीताच्या बाबतीत हा प्रश्न आपण फारसा विचारत नाही. गाणे कानावर पडते. आवडते किंवा आवडत नाही. पण काही कलावंतांची गाणी अशी असतात, की सुरुवात कुठून केली यावर ती आपल्याला गोंगाट वाटणार की साक्ष, हे ठरते. अमेरिकेतील ‘सिस्टिम ऑफ अ डाउन’ हा चौघांचा बँड त्यांपैकी एक आहे.

त्यांचे अल्बम पाचच आहेत : १९९८, २००१, २००२ आणि २००५ मध्ये दोन. सगळे मिळून साडेतीन तासांच्या आत ऐकून होतात. म्हणजे नवख्या श्रोत्यापुढे ढीग नाही, पण पेच आहे. क्रमाने ऐकायला घेतले तर पहिलाच अल्बम इतका कर्कश लागतो की अनेक जण तिथेच थांबतात. लोकप्रिय गाण्यांची यादी लावली तर हा विक्षिप्त, चेष्टेखोर, चिडक्या पोरांचा बँड वाटतो. दोन्ही प्रतिमा पूर्ण खोट्या नाहीत. पण या संगीताच्या मुळाशी जे आहे ते दोन्हींतून निसटते. ते काय आहे आणि कोणत्या वाटेने गेले तर सापडते, एवढाच या लेखाचा विषय.

नू मेटलचा ‘मी’

या बँडला सहसा ‘नू मेटल’ या खणात ठेवले जाते. १९९४ मध्ये कॅलिफोर्नियातील बेकर्सफील्डच्या ‘कॉर्न’ या बँडचा पहिला अल्बम आला आणि या शैलीची घडण त्यात स्पष्ट झाली. गिटारच्या तारा नेहमीपेक्षा सैल करून सूर खाली, खर्जाकडे न्यायचा. आधीच्या मेटलमध्ये गिटारवादक लांबलचक एकल वादनात बोटांची करामत दाखवत असे. ती बाजूला ठेवून गिटारनेही जवळजवळ तालवाद्याचे काम करायचे. गायकाने कधी हिप-हॉपच्या ढंगाने बोलायचे, कधी कुजबुजायचे, कधी ओरडायचे. पुढे ‘लिंप बिझ्किट’, ‘स्लिपनॉट’, ‘लिंकिन पार्क’ यांनी याच मार्गाने लाखो श्रोते मिळवले आणि त्यांच्यापैकी अनेकांच्या मंचावर तबकड्या फिरवणारा डीजेही आला.

शैलीइतकाच तिचा आशयही ठरून गेला होता. बालपणी झालेला अत्याचार, शाळेतली हेटाळणी, घरातला दुरावा अशी खाजगी जखम हा नू मेटलचा गाभा. या गाण्यांतला बोलणारा ‘मी’ असतो आणि तो स्वतःच्या खोलीत बसून बोलतो.

‘सिस्टिम ऑफ अ डाउन’ने या शैलीतून खालचा सूर, तुटक ताल आणि आवाजाची झपाट्याने पालटणारी रूपे घेतली. डीजे घेतला नाही. आणि ‘मी’च्या जागी बहुतेक वेळा ‘आम्ही’ ठेवला. त्यांची जखम चौघांपैकी कुणाही एकाच्या आयुष्यात झालेली नव्हती. ती त्यांच्या जन्माच्या अर्धशतकाहून आधीची होती आणि त्यांना घरातून वारशात मिळाली होती.

घरातली आठवण

चौघेही आर्मेनियन वंशाचे. गायक सर्ज तांकियान आणि ड्रमवादक जॉन डॉल्मायान यांचा जन्म लेबनॉनमधला, बेसवादक शावो ओडाजियान यांचा सोव्हिएत आर्मेनियातील येरेवानचा, तर गिटारवादक आणि बँडचे मुख्य संगीतकार डॅरोन मलाकियान यांचा हॉलिवूडचा. तांकियान, मलाकियान आणि ओडाजियान लॉस एंजेलिसमधल्या एकाच आर्मेनियन शाळेचे विद्यार्थी, पण वयातील अंतरामुळे वेगवेगळ्या वर्षांचे. बँड स्थापन झाला १९९४ मध्ये. डॉल्मायान १९९७ मध्ये आले. मलाकियान यांच्या एका कवितेच्या शीर्षकावरून बँडचे नाव घडले. तिथे ‘व्हिक्टिम्स’, म्हणजे बळी, असा शब्द होता. तो बदलून ‘सिस्टिम’ केला गेला. बळी हा शब्द नावातून गेला, गाण्यांतून गेला नाही.

२४ एप्रिल १९१५ रोजी कॉन्स्टँटिनोपलमध्ये ऑटोमन सरकारने आर्मेनियन समाजातील लेखक, संपादक, धर्मगुरू, शिक्षक यांची धरपकड सुरू केली. पुढच्या काळात अनातोलियातील आर्मेनियनांना घराबाहेर काढून सीरियाच्या वाळवंटाकडे हाकण्यात आले. वाटेत कत्तल, उपासमार आणि रोगराई यांत किती माणसे मेली, याचे इतिहासकारांचे अंदाज सहा लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत जातात. तुर्कस्तानचे सरकार याला वंशसंहार म्हणायला आजही तयार नाही.

या धरपकडीत दानियेल वारुजान आणि सियामांतो हे दोन महत्त्वाचे कवी पकडले गेले आणि मारले गेले. कोमितास हे धर्मगुरू आणि संगीतकारही त्यांत होते. खेड्यापाड्यांतून फिरून शेतकऱ्यांची गाणी टिपून घेणे आणि चर्चमधील उपासनासंगीताची नव्याने मांडणी करणे, हे त्यांचे आयुष्यभराचे काम. ते वाचले, पण मन सावरले नाही. पुढची अनेक वर्षे रुग्णालयांत काढून १९३५ मध्ये पॅरिसमध्ये त्यांचा मृत्यू झाला. एका समाजाची गाणी गोळा करणारा माणूस गप्प झाला, हे लक्षात ठेवावे. अल्बम ऐकताना ते उपयोगी पडते.

बँडमधील चौघांच्याही कुटुंबांना या संहाराची झळ लागलेली. तांकियान यांचे आजोबा त्यातून वाचलेले. २००६ च्या ‘स्क्रीमर्स’ या माहितीपटात ते स्वतःच्या आठवणी सांगताना दिसतात. आजोबांनी सांगितलेली गोष्ट जगातली बलाढ्य सरकारे ‘घडली’ असे म्हणायला कचरतात, या अनुभवातून सत्तेच्या भाषेविषयीचा जो संशय तयार होतो, तो या बँडच्या प्रत्येक अल्बममध्ये आहे. तुरुंग असो, युद्ध असो, दूरचित्रवाणी असो, विषय बदलतो. संशय तोच राहतो.

सुरुवात : ‘टॉक्सिसिटी’

नवख्याने सुरुवात करावी ती २००१ च्या ‘टॉक्सिसिटी’पासून. रिक रुबिन यांनी मलाकियान यांच्यासह निर्मिती केलेल्या या अल्बममध्ये चौदा गाणी आहेत, लांबी पाऊण तासाच्या आत. ती क्रमाने, एका बैठकीत ऐकावी.

पहिले गाणे ‘प्रिझन साँग’ एखाद्या दारावर धक्के बसावेत तसे सुरू होते : गिटारचा आघात, शांतता, पुन्हा आघात. मधल्या शांततेत कुजबुज. पुढे अमेरिकेतील अमली पदार्थांचे कायदे आणि फुगत चाललेले तुरुंग यांविषयीची माहिती तांकियान जवळजवळ अग्रलेख वाचावा तशी म्हणतात. आकडेवारी गाण्यात बसते का, अशी शंका येते. पण त्या कोरड्या वाचनामागून आरोळी येते तेव्हा कोरडेपणा कशासाठी होता ते कळते.

मग येतो विनोद. तांकियान यांचा गळा बहुरूपी आहे. एका ओळीत ते पाद्री असतात, दुसरीत विदूषक, तिसरीत भाजीवाल्यासारखे हाळी देतात. काही गाणी, उदाहरणार्थ ‘बाउन्स’, निव्वळ चावट आहेत. साहित्याच्या वाचकाला हे उथळ वाटेल आणि काही ठिकाणी ते आहेही. पण नाथांच्या भारुडांची सवय असलेल्या मराठी कानाला सोंग आणि गांभीर्य एकत्र नांदणे अपरिचित वाटू नये. सोंगाने माणसे जवळ येतात. जवळ आली की जे सांगायचे ते सांगता येते.

सहावे गाणे ‘चॉप सुई!’ सर्वांत प्रसिद्ध. ते आधी एकटे ऐकू नये, असे मी सुचवीन. साध्या, विजेविना वाजणाऱ्या गिटारीने ते उघडते, ड्रम हळूहळू चढतात, मग शब्दांचा तुफान मारा सुरू होतो आणि अचानक एक रुंद, विलंबित चाल पसरते. शेवटाकडे क्रुसावरील ख्रिस्ताच्या उद्गारांची पदरचना आहे. मलाकियान यांच्या म्हणण्यानुसार हे गाणे, माणूस कसा मेला यावरून आपण त्याला कसे जोखतो, याविषयीचे आहे. त्याचे आधीचे नाव ‘सुइसाइड’ होते. ते बदलावे लागले, पण गाण्याच्या सुरुवातीला स्टुडिओतील हाकेत तो शब्द पुसट ऐकू येतो. एकटे ऐकले तर हे गाणे चमत्कारिक वाटते. पाच गाण्यांच्या धुमश्चक्रीनंतर ऐकले तर त्यातला शोक आधी ऐकू येतो.

बाराव्या, शीर्षकगीताच्या कडव्यांत तालाला दादऱ्याची आठवण करून देणारा झोका आहे. चौदावे ‘एरियल्स’ जवळजवळ पूर्णपणे गायलेले, आरोळीविना. अल्बम इथे संपला असे वाटते. संपत नाही. क्षणभराच्या शांततेनंतर तालवाद्ये आणि माणसांचे आवाज एवढ्यावरच उभी असलेली एक छोटी रचना सुरू होते. तिचे नाव मुखपृष्ठावरील यादीत नाही. तुर्कस्तानात जन्मलेले आर्मेनियन संगीतकार आर्तो तुंचबोयाजियान यांच्यासह केलेली ही रचना ‘देर वोघोर्म्या’ या आर्मेनियन चर्चमधील प्राचीन स्तोत्रावर आधारलेली आहे. अर्थ : प्रभो, दया कर.

माझ्या मते या बँडचे दार इथे आहे. पाऊण तास आरडाओरडा, थट्टा, राजकारण ऐकल्यावर, ज्या उपासनासंगीताची कोमितास यांनी मांडणी केली होती, त्याच परंपरेतला सूर कुणाला न सांगता येतो. तो ऐकला की आधीचे सगळे मागे जाऊन पुन्हा ऐकावेसे वाटते, कारण आरोळी कोणत्या शांततेतून निघाली ते आता माहीत असते. म्हणून एक व्यवहारी सूचना. ‘एरियल्स’ची लांबी सहा मिनिटांहून थोडी अधिक दिसत असेल तर स्तोत्र त्यात आहे, चार मिनिटांच्या आत असेल तर ते कापलेले आहे. कापलेले ऐकू नये.

या अल्बमचे नशीबही त्याच्या आशयासारखेच निघाले. तो ४ सप्टेंबर २००१ रोजी प्रसिद्ध झाला. आदल्या दिवशी हॉलिवूडमध्ये ठेवलेला मोफत कार्यक्रम अपेक्षेबाहेरच्या गर्दीमुळे रद्द झाला आणि दंगल उसळली. पहिल्या आठवड्याच्या विक्रीवर अल्बम बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचला, आणि त्याच दिवसांत न्यूयॉर्कचे मनोरे कोसळले. क्लिअर चॅनेल या रेडिओ कंपनीने आपल्या केंद्रांना, सध्या वाजवताना विचार करावा अशा गाण्यांची जी यादी पाठवली, तिच्यात ‘चॉप सुई!’ होते. तांकियान यांनी हल्ल्यानंतर दोनच दिवसांनी मध्यपूर्वेतील तेलाच्या राजकारणावर एक लेख लिहिला आणि तो मागे घ्यावा लागला. देशातला सर्वाधिक विकला जाणारा अल्बम आणि देशाला नको असलेले बोलणे एकाच तोंडून येत होते.

एक अल्बम, दोन अर्ध्या

यानंतर थेट २००५ मध्ये यावे. ‘मेझ्मराइझ’ मे महिन्यात आणि ‘हिप्नोटाइझ’ नोव्हेंबरमध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही बिलबोर्डवर पहिल्या क्रमांकावर उघडले. दोन्हींची चित्रे मलाकियान यांचे वडील, चित्रकार वर्तान मलाकियान यांची, आणि वेष्टने अशी केलेली की एकमेकांत बसावीत. हे सांगण्याचे कारण एवढेच, की ते वेगळे ऐकू नयेत. ‘मेझ्मराइझ’ उघडतो तो ‘सोल्जर साइड’ या गाण्याच्या मिनिटभराच्या प्रस्तावनेने. ते गाणे पूर्ण रूपात येते ‘हिप्नोटाइझ’च्या अगदी शेवटी. मुलगा युद्धावर गेलेल्या आईचे रडणे सुरुवातीला अर्धवट ऐकू येते आणि पुरे व्हायला बावीस गाणी लागतात. आपल्याकडे धृपद पुन्हा पुन्हा येते. इथे ते एकदाच, उशिरा, आणि जड होऊन परतते.

मधल्या गाण्यांत ‘बी.वाय.ओ.बी.’ आहे. इराक युद्धाच्या काळात लिहिलेल्या या गाण्यात युद्धाची जाहिरात मेजवानीच्या आमंत्रणासारखी गायली जाते. धुंद नाचगाणे आणि तोफखाना यांची कापाकापी इतकी जलद, की हसू आणि शिसारी एकाच वेळी येते. त्याला २००६ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

पण नवख्याने थांबावे ते ‘हिप्नोटाइझ’मधील आठव्या गाण्याशी, ‘होली माउंटन्स’शी. हे गाणे १९१५ विषयी आहे. पवित्र पर्वत म्हणजे अरारात. आर्मेनियाच्या राजचिन्हावर तो आहे, येरेवानच्या खिडक्यांतून तो दिसतो, आणि तो तुर्कस्तानच्या हद्दीत आहे. रोज दिसणारे आणि आपले नसलेले असे काही उराशी बाळगणाऱ्या लोकांचे हे गाणे आहे. पहिल्या अल्बममध्ये याच विषयावर जो संताप होता, तो इथे संथ आणि खोल झाला आहे.

या दोन अल्बमांत मलाकियान यांचा आवाज पुष्कळ पुढे आला आहे. काही श्रोत्यांना ते खटकते, कारण तांकियान यांच्या गळ्याची खोली त्यात नाही. मात्र ‘सोल्जर साइड’सारख्या ठिकाणी दोघे मिळून गातात, तेव्हा एक आवाज दुसऱ्याच्या सावलीसारखा राहतो. ती सुरावट या बँडची स्वतःची. नू मेटलमध्ये तिला जोड नाही.

मग मागे वळावे

आता १९९८ च्या पहिल्या अल्बमकडे जाता येते. मुखपृष्ठावरील उघडा पंजा जर्मन कलावंत जॉन हार्टफील्ड यांचा : १९२८ च्या निवडणुकीत तिथल्या कम्युनिस्ट पक्षासाठी त्यांनी केलेले भित्तिपत्रक. पंजा पकडतोही आणि मूठही होतो. अल्बममधील तेरा गाणी तशीच आहेत, आखूड, तापट, ओबडधोबड. ‘शुगर’सारख्या गाण्यात वेग आणि वेड यांची सीमा राहत नाही, ‘स्पायडर्स’मध्ये पुढच्या ‘एरियल्स’चे बीज दिसते.

हा अल्बम शेवटून ऐकावा. शेवटचे गाणे ‘पी.एल.यू.सी.के.’ वंशसंहारावर आहे आणि त्यात कबुली आणि भरपाई यांची थेट मागणी आहे. ‘टॉक्सिसिटी’च्या आधी ऐकले तर ती घोषणा वाटेल. ‘होली माउंटन्स’ नंतर ऐकले तर पंचविशी-तिशीतल्या मुलांनी पहिल्याच संधीला, शेवटची जागा राखून, घरातली गोष्ट जगासमोर ओरडून सांगितली असे दिसेल. ही गाणी बदलत नाहीत. आपण त्यांच्याकडे कोणत्या बाजूने आलो ते बदलते.

‘स्टील धिस अल्बम!’ (२००२) शेवटी ठेवावा. ‘टॉक्सिसिटी’च्या वेळची उरलेली गाणी कच्च्या रूपात इंटरनेटवर फुटली होती, बँडने ती नीट करून प्रसिद्ध केली, तीही हाताने नाव लिहिलेल्या नकली सीडीसारखे रूप देऊन. नाव अ‍ॅबी हॉफमन यांच्या ‘स्टील धिस बुक’ या १९७१ च्या पुस्तकावरून. हे लेखकाचे टाचणवहीसारखे पुस्तक आहे : काही पाने फेकून देण्याजोगी, काही अनमोल. ‘बूम!’चे चित्रीकरण मायकेल मूर यांनी १५ फेब्रुवारी २००३ रोजी जगभर निघालेल्या युद्धविरोधी मोर्चांतून केले. ‘रूलेट’ हे साध्या गिटारीवरचे नाजूक प्रेमगीत इतक्या गोंगाटात कसे निभावले, याचे नवल वाटते.

पाच अल्बमांनंतर

२००५ नंतर सहावा अल्बम आला नाही. चौघांचे सर्जनाविषयीचे मतभेद मिटले नाहीत, आणि राजकारणही एक नाही. तांकियान डाव्या विचारांचे, डॉल्मायान यांनी ट्रंप यांना जाहीर पाठिंबा दिलेला. तरी ते एकत्र आले अशा दोन प्रसंगांमागचे कारण तेच होते. २३ एप्रिल २०१५ रोजी, संहाराच्या शताब्दीच्या पूर्वसंध्येला, येरेवानच्या रिपब्लिक चौकात त्यांनी भर पावसात मोफत कार्यक्रम केला. आर्मेनियातला तो त्यांचा पहिलाच. आणि नोव्हेंबर २०२० मध्ये, नागोर्नो-काराबाखचे युद्ध चालू असताना, पंधरा वर्षांनी दोन नवी गाणी प्रसिद्ध केली. दरम्यान अमेरिकी काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी २०१९ मध्ये आणि राष्ट्राध्यक्षांनी २०२१ मध्ये १९१५ च्या घटनेला वंशसंहार म्हटले. गाण्यांमुळे असे घडते असा दावा कुणी करू नये. पण ज्या काळात तो शब्द उच्चारायला सरकार तयार नव्हते, त्या काळात लाखो अमेरिकी तरुणांनी तो प्रथम या बँडकडून ऐकला.

मुंबईत फोर्टमध्ये नगीनदास मास्टर रोडवर सेंट पीटर हे आर्मेनियन चर्च आहे, १७९६ मधले. व्यापारासाठी आलेल्या आर्मेनियनांनी ते बांधले. आता तो समाज शहरात जवळजवळ उरलेला नाही. चर्चशेजारच्या इमारतीचे नाव ‘अरारात’. त्या रस्त्याने जाणारे बहुतेक जण ते नाव वाचत नाहीत, आणि वाचले तरी त्यांना अडखळायचे कारण नाही. ‘टॉक्सिसिटी’ शेवटच्या स्तोत्रापर्यंत आणि ‘हिप्नोटाइझ’ आठव्या गाण्यापर्यंत ऐकलेला माणूस तिथे थोडा थांबेल. तेवढे झाले तर सुरुवात योग्य ठिकाणी झाली, असे समजायला हरकत नाही.